बंपरखालचे हीर

...हीर अजून शाबूत होता. लाल दोरा बांधलेला, डावीकडून चौथा – सकाळपासून याच्याचबद्दल धाकधूक होती, आणि तो मात्र इकडचा तिकडे न होता, सुका, सरळ, बंपरखाली लटकत होता. गुरुप्रसादनं मान आणखी खाली घातली. गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्या धुळीला लागू नयेत म्हणून त्यानं त्या एका हातानं छातीशी धरल्या होत्या, आणि दुसरा हात जमिनीला टेकला होता. सेहेचाळीस वर्षांचा वकील, कोर्टाच्या आवारात, भरदुपारी, आपल्याच गाडीपुढं ओणवा होऊन खराट्याचे हीर तपासतोय – कुणी अशिलानं पाहिलं तर पुढच्या तारखेला दुसरा वकील करील. पण हसू आलं तरी त्याला उठवेना. हीर लावणारीच्या हाताचं त्याला कालपासून कौतुक वाटत होतं, आणि ते कमी व्हायला तयार नव्हतं.

गाडी दोन माणसांची, निळी, जुनी, पुण्याहून आठ महिन्यांपूर्वी आणलेली. बंपरच्या खाली पुढं आलेली पातळ पट्टी असते, तिला सगळे लिपच म्हणतात. ती गेल्या पंधरवड्यात नवनगरच्या गतिरोधकावर फुटली. चूक त्याचीच, घाई होती. नवी करायची म्हणून तो हुबळीला गोकुळ रोडवर वैशालीच्या शेडमध्ये गेला. बसची टपं, ट्रॅक्टरची बोनेटं, असलं फायबरचं काम करणारी ही बाई. घराणं मूळचं निपाणीकडचं, मराठी तिकडचीच. तिनं पुठ्ठ्याच्या दोन लिपा कापून आळीपाळीनं बंपरला चिकटवून दाखवल्या. एक अडीच इंच खाली येणारी, पुढं निमुळती. ती लावली मात्र, आणि गाडी जागच्या जागी उभी असून धावायला निघाल्यासारखी दिसायला लागली... दुसरी सव्वा इंचाची, आखूड, मागं घेतलेली. वाईट नव्हती. पण पहिलीनंतर तिच्याकडं बघायचं म्हणजे जुलूमच.

“पहिलीच करा,” तो म्हणाला होता.

“थांबा की सर. तुम्ही डोळ्यांनी ठरवाय लागलाय,” वैशाली म्हणाली. मग तिनं कोपऱ्यातला खराटा ओढला, एकेक हीर वाकवून पाहिला, चिवट ते टाकून दिले, कडक ते घेतले. लाल दोऱ्याचे लांब, अडीच इंचाच्या लिपेइतके. पांढऱ्या दोऱ्याचे आखूड. लिपेची कड जिथं येणार नेमकी तिथं, ओळीनं, दोन बोटांच्या अंतरावर तिनं ते चिकटपट्टीनं बसवले. “नुसती उंची बघून भागत नाही. लिप पुढं किती येतीय त्यावर पण असतं. उतार आला की नाक आधी टेकतं. उद्या दिवसभर जिथं जिथं जाता तिथं सगळीकडं जावा, नेहमीसारखं. लाल मोडला तर मोठी लिप तुमची नव्हं. मोडला नाही तर खुशाल लावा. संध्याकाळी मला दाखवा, सकाळी साचा भरते.” आणि जाता जाता, हात पुसत, “गाडी जपून चालवून हिराला फसवू नका बरं का. हीर फसत नाही, फसलाच तर माणूस फसतोय.”

किती साधं! गतिरोधकांची उंची कुणी मोजत बसत नाही, मोजली तरी ती पुढच्या महिन्यात बदलते, आणि ही बाई म्हणते – रस्त्यालाच विचारा. त्याला एखाद्या नेमक्या, दोन ओळींच्या निकालपत्रासारखं ते आवडलं. आणि तरीही आज सकाळपासून मी काय करतोय?... नवनगरच्या गतिरोधकावर गाडी तिरकी घातली, एकेक चाक चढवत, मागच्या रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढून कानडी-मराठीत विचारलं, “येनरी वकीलसाहेब, बाळाला झोपवताय काय?” उणकलच्या पुढं खड्डा दिसला तर लेन बदलली. जिथं जायचं तिथं गेलो, हे खरं. फक्त हिराची मिनतवारी करत गेलो.

एका ठिकाणी मात्र जायचं नव्हतंच. मळमड्डीला, वडिलांच्या – अप्पांच्या – दारात.

त्या दाराशी आठ महिन्यांत ही गाडी गेली नव्हती. रस्त्यावर दर दोन-चार वर्षांनी डांबराचा थर चढत गेला आणि घर होतं तिथंच राहिलं. रस्त्यावरून अंगणात उतरता यावं म्हणून गटारावर अप्पांनी स्वतः उभं राहून सिमेंटचा उतार ओतून घेतला, चांगला खडा. त्या उतारावरून ही गाडी अंगणात उतरवायची म्हणजे नाक टेकणारच. म्हणून तो दर संध्याकाळी वर कोपऱ्यावर, पिठाच्या गिरणीपाशी गाडी लावून चालत जायचा. अप्पांनी एकदाच म्हटलं होतं, पेपरातून डोकं वर न काढता – “मला एकदा बसव की त्यात.” गुडघे असे, की कोपऱ्यापर्यंतचा चढ त्यांना होत नाही. गाडीच दाराशी यायला हवी. आणि तो म्हणाला होता, बघू. लिप फुटायच्या आधीही बघू, नंतरही बघू.

नुसत्या घासण्याची भीती होती का? नाही... रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं डब्यांची मापं तपासलेला माणूस. तो गाडीभोवती एक फेरी मारणार आणि म्हणणार, कशाला? त्या एका शब्दाला मी घाबरतो. कोर्टात कुणालाही उत्तर देणारा मी, त्या ‘कशाला’ला माझ्याकडं उत्तर नाही. सुंदर आहे म्हणून – हे अप्पांना कसं सांगायचं?

पाच वाजता त्यानं गिरणीपाशी गाडी लावली, ओणवून पाहिलं – सगळे लाल शाबूत – आणि जिंकल्याच्या आनंदात तो चालत खाली गेला. अप्पांशी अर्धा तास, मग थेट गोकुळ रोड, आणि सकाळी साचा. अंगणात खुर्ची रिकामी. वेणूबाई, अप्पांचा स्वयंपाक करणाऱ्या, तांदूळ निवडत होत्या.

“वर गेलेत, गाडी बघाया. गिरणीच्या बोळातनं गेले. मी म्हटलं नका, तर ऐकतात होय?”

तो धावलाच. चढ चढताना त्याच्या लक्षात आलं की हा चढ तो रोज चढतो आणि त्याला कधी जाणवला नाही. अप्पा गिरणीच्या पायरीवर रुमाल अंथरून बसले होते, काठी मांडीवर आडवी, चेहरा घामानं ओला, आणि चष्मा कपाळावर ढकलून, मान वाकडी करून बंपरखाली बघत होते.

“अप्पा! पडला असतात म्हणजे?”

“हे कुणाचं डोकं रे?”

“वैशाली म्हणून आहेत, हुबळीला. फायबरचं काम करतात.”

“भारी बाई आहे.” अप्पांच्या आवाजात जे होतं ते गुरुप्रसादनं आपल्या कुठल्याच निकालानंतर ऐकलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्याला हेवा वाटला नाही, बरंच वाटलं. “सुका घेतलाय बघ. ओला घेतला असता तर वाकून पुन्हा सरळ झाला असता. आम्ही पण नव्या डब्याच्या कडेला पत्र्याच्या पट्ट्या लावून सोडायचो. डबा फिरून आला की पट्टी सांगायची, कुठल्या फलाटाला लागला ते.” काठीचं टोक हलकेच, लागणार नाही असं, एकेका हिरावरून फिरलं. “लाल सगळे आहेत.”

“हो.”

“म्हणजे आपल्या दारात आला नाहीस.”

आरोप नव्हता. माप वाचावं तसं वाचलं त्यांनी. उतार त्यांनीच ओतलेला. काय लागेल, काय लागणार नाही, हे त्यांना कुणाला विचारायला नको होतं.

“इथं लावतोस ते वेणूबाईनं कधीच सांगितलंय,” अप्पा म्हणाले. मग त्यांनी गाडी नजरेनं पुढून मागपर्यंत न्याहाळली, घाई न करता. “बरोबर केलंस. इतकी देखणी वस्तू मी पण तिथं घासू दिली नसती.”

कशाला – असं ते म्हणालेच नाहीत... आठ महिने मी ज्या शब्दाला चुकवत होतो तो त्यांच्याकडं नव्हताच. आणि आता उत्तर द्यायचं कुणाला? गुरुप्रसादला इतकी लाज वाटली की त्यानं उगाचच खाली वाकून टायर चाचपला. त्या बाईनं सांगितलं होतं. जिथं जिथं जाता तिथं सगळीकडं. शाबूत हिरांची ती ओळ आता त्याला बघवेना.

“अप्पा, बसा गाडीत.”

“ही सीट जमिनीला लागलीय. बसेन रे, पण उठवायला तू पाहिजेस.”

“आहे की.”

बसायला वेळ लागला. आधी काठी, मग एक पाय, मग गुडघ्याला दोन्ही हात. बसल्यावर मात्र अप्पांनी पुढच्या फळीवरून तळवा फिरवला, कडेची शिवण बोटानं दाबून पाहिली, आणि समाधानानं ‘हं’ म्हटलं. गाडी बोळातून सावकाश उतरली. दाराशी गुरुप्रसादनं ती वळवली, तिरकी घालायला जागाच नव्हती, सरळच जायचं होतं. समोर तो खडा उतार, आणि खाली अंगण; वेणूबाई सूप घेऊन उठून उभ्या राहिलेल्या.

“थांब,” अप्पा म्हणाले. त्यांनी काच खाली केली, कान बाहेरच्या बाजूला केला, डब्याची चाकं ठोकून ऐकताना करत असतील तसा. “आता सोड. मी ऐकतो.”

मोठी लिप त्याला अजून हवी होती. डोळ्यांपुढून ती हलत नव्हती. थोड्या वेळानं वैशालीसमोर तो काय बोलणार होता, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. पण दिवसभर प्रत्येक गतिरोधकावर जे मनातल्या मनात म्हणत आलो – मोडू नको, मोडू नको – ते आता ओठांवर येईना. पुढची चाकं उतारावर आली, नाक खाली झुकलं. शेजारी अप्पा कान देऊन बसले होते. त्यानंही काच खाली केली, आणि पहिला हीर मोडल्याचा आवाज आपल्यालाही ऐकू यावा म्हणून, ब्रेकवरचा पाय अगदी सावकाश उचलला.