जिन्याखालची दोरी

त्या घराचा धंदाच मुळी कपडे धुण्याचा. खाली लाँड्री, वर राहायच्या दोन खोल्या आणि त्यावर गच्ची. सकाळी सातला बॉयलर फुसफुसायला लागायचा. दहाच्या आत गच्चीवर हॉटेलच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं अशी ओळीने लागायची की पाय ठेवायला जागा उरत नसे. ऊन असं की जाड टॉवेलसुद्धा दोन तासांत कडक व्हावा. मालकीणबाईंना सगळी गल्ली लाँड्रीकाकू म्हणायची. डाग ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "रक्ताचा ना? गार पाणी! गरम घातलंत तर जन्माचा बसला," असं त्या गिऱ्हाइकाने न विचारताच सांगून टाकायच्या.

अशा घरात एक बाळंतीण ओलसर कापडाने आजारी पडली. ऐकून हसू येतं ना? मलाही आधी आलं. मग राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

काकूंच्या सुनेला बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते. मुलगी झाली होती, तिला सगळे छकुली म्हणत. बाळंतपणानंतर कित्येक आठवडे अंगावरून जात राहतं आणि बाजारची पॅड लेकीला टोचतात, हे सुनेच्या आईला ठाऊक होतं. म्हणून तिने सातव्या महिन्यातच मऊ कापडाची दहा पॅड शिवून दिली होती, बटणं लावलेली, धुऊन पुन्हा वापरायची. तिसऱ्या दिवशी बाळंतिणीला बघायला पहिल्यांदा घरी आलेल्या नर्सताईंनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"छान आहेत. चार-चार तासांनी बदलायचं, साबणाने धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं. ओलसर असलं तर अंगाला लावायचं नाही. आणि सध्या आत घालायचं काहीही वापरायचं नाही, कळलं?"

नर्सताई गेल्या आणि सुनेने सासूला विचारलं, "आई, चादरी उतरल्या की गच्चीवरच्या मागच्या दोरीवर घालू का?"

"खुळी का काय तू? गिऱ्हाइकाच्या चादरी वाळतात तिथे हे? कुणी पाहिलं तर उद्या दारात एक माणूस उभं राहायचं नाही! जिन्याखाली दोरी आहे ना. माझ्या वेळी माझी कापडं मी तिथेच वाळवली."

जिन्याखाली म्हणजे बॉयलरच्या मागची बोळकांडी. दिवसभर वाफ कोंडून भिंतींना पाणी सुटायचं. दोरीवर पॅड आणि कुणाला दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर एक जुनी चादर. तिथे काय डोंबल वाळणार?

सुनेच्या जिवाला चैन नव्हतं. बाळ जरा झोपलं की ती हळूच खाली उतरे आणि एकेक पॅड गालाला लावून बघे. दमट. दुसरं? तेही दमट. वर बाळ रडायला लागे. मग त्यातल्या त्यात बरं ते उचलून ती भिंतीला धरत जिना चढायची. चार तासांचे आठ तास होऊ लागले. दोन दिवसांपासून वास यायला लागला होता. सांगणार कुणाला? नवऱ्याशी बोलायची लाज आणि सासूशी बोलायची भीती.

दहाव्या दिवशी नर्सताई बाळाचं वजन करायला आल्या.

"कापड कुठे वाळवतेस गं?"

सुनेने तोंड उघडायच्या आत काकू बोलल्या, "उन्हातच की! एवढी गच्ची पडलीय."

सून खाली बघत राहिली. काकूंचीही नजर क्षणभर फरशीकडे गेली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. पण या एका गोष्टीत खरं बोलायचं असतं, हेच त्यांना आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेला हुडहुडी भरली. अंग चटका बसावा इतकं तापलं.

"दूध भरलं असेल. बाळाला जवळ घे, उतरेल," काकू म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण तासाभरात चार वेळा वर जाऊन आल्या.

त्याच वेळी खाली धुण्याच्या मशीनचा पट्टा सुटला. पाना शोधायला काकूंचा मुलगा जिन्याखाली शिरला, तोल जाऊ नये म्हणून त्याने चादर धरली आणि ती त्याच्या हातात आली. कोंदट वास भपकन नाकात गेला. पॅडवर काळे ठिपके पडले होते. हा गडी लहानपणापासून कापडात वाढलेला. बुरशी ओळखायला त्याला वेळ लागतो होय?

तो पॅड हातात घेऊनच बाहेर आला. "आई, हे काय आहे?"

इस्त्रीवाली मावशी इस्त्री उभी ठेवून बघत राहिली. काकू ओरडल्या, "टाक ते आधी! बायकांच्या गोष्टीत तू पडू नकोस."

"हॉटेलचा एक रुमाल असा निघाला असता तर तू मला उभा जाळला असतास. आणि हे माझ्या बायकोच्या अंगाला? ताप आलाय ना तिला? वास येतोय का, विचारलंस कधी?"

उत्तर मावशीने दिलं. "येतोय रे बाबा. काल पलंगपोस बदलताना मला आला होता. मीपण मेली बोलले नाही."

धुतलेल्या चादरींचे गठ्ठे टेम्पोतून खाली फेकले गेले आणि त्या जागी बायकोला झोपवून मुलाने टेम्पो दवाखान्यात नेला. काकू छकुलीला घट्ट धरून शेजारी बसल्या. वाटभर त्या एवढंच विचारत होत्या, "अगं, ऐकतेस ना? बोल ना माझ्याशी."

गर्भाशयात जंतू गेले होते. डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं, औषधं सुरू केली आणि बाहेर आल्या.

"वेळेत आणलंत. आणखी दोन दिवस गेले असते तर मी काही सांगू शकले नसते. कापडाचा दोष नाही हो, स्वच्छ कोरडं कापड चांगलंच. ओलसर बुरशीचं नको." मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

"हा एकच. पुढे राहिलंच नाही."

"याच्या वेळी बाळंतपणात ताप आला होता?"

काकूंच्या डोळ्यांसमोर ती बोळकांडी आली. तीच दोरी आणि चादरीऐवजी तेव्हा एक पोतं. वीस दिवस ताप होता. सासू म्हणाली होती, दूध भरलंय.

"तेव्हाही त्यामुळेच झालं असेल का?"

"आता खात्रीने नाही सांगता येणार. पण असं होतं."

तीस वर्षं त्या बाईने नशिबाला बोल लावला होता. कोपऱ्यातल्या बाकावर बसून, तोंडात पदर कोंबून त्या रडल्या. नातीला मात्र मांडीवरून खाली ठेवलं नाही.

आठवड्याने सून घरी आली. जुनी पॅड कधीच फेकून दिली होती, तिच्या आईने नवी आणली होती. पहिली चार काकूंनी स्वतः धुतली आणि गच्चीवर नेली. मागच्या दोरीवर नव्हे, रस्त्याच्या बाजूच्या पहिल्या दोरीवर घातली.

संध्याकाळी हॉटेलचा मॅनेजर आला. त्याने वर पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "काकू, ते काय वाळत घातलंय?"

"सुनेचे कपडे. बाळंतीण आहे."

"आमच्या चादरींशेजारी? मग आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल."

हॉटेल गेलं तर निम्मा बॉयलर थंड पडणार, हे काकूंना चांगलं कळत होतं.

"बघा," त्या म्हणाल्या. "चादरी दुसरीकडे मिळतील हो, सून नाही मिळायची."

आणि जिन्याकडे वळल्या. त्या हॉटेलने नंतर काय केलं ते मी सांगत नाही. काकूंनी उत्तर दिलं तेव्हा त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

वर जाऊन त्यांनी एकेक पॅड काढून गालाला लावून पाहिलं, सून लावायची तसं. सगळी कोरडी होती. चारही नीट घडी करून सुनेच्या उशाशी ठेवली. मग कात्री घेऊन खाली गेल्या आणि जिन्याखालची दोरी कापून टाकली.

तुमच्या घरात ती दोरी कुठे आहे? मोरीच्या दारामागे, की पलंगाखाली? हा कागद खाली ठेवा आणि आधी जाऊन बघा. तिथलं कापड गालाला लावा.