खैरटोल्याच्या वेगळ्या चुली

वाघेझरीच्या ग्रामपंचायतीत नानाजी कितीतरी वर्षं मेंबर होते, आणि तितकीच वर्षं ते दाराजवळच्या बाकावर बसत आले होते. खुर्च्या वाघेझरीच्या मेंबरांना. पंचायत म्हणायला दोन गावांची, पण खैरटोला तिचं सावत्र लेकरू. विजेचे खांब आले ते वाघेझरीत रोवले गेले, बोअर आली ती तिथल्या सरपंचाच्या वाडीला लागून मारली गेली, आणि खैरटोल्याच्या वाट्याला आलं ते बोअरच्या उद्घाटनाला जाऊन टाळ्या वाजवणं. नानाजी टाळ्या वाजवत. वाजवता वाजवता मनात म्हणत, एक दिवस आपल्या गावाची आपली पंचायत होईल. तिच्यात खुर्ची एकच असली तरी चालेल.

ऐंशी साल सरता सरता ते सायकल हाणत गोंडपिपरीला गेले आणि पंचायत समितीतल्या एका बाबूसमोर अर्ज घेऊन उभे राहिले. बाबूनं अर्ज वाचलाही नाही.

"लोकसंख्या कमी हाये भाऊ तुमची," तो विड्याचं पान लावत म्हणाला. "येत्या शिरगणतीत आकडा भरला तं पाहू. नाई भरला तं पुढची दहा वर्षं या दारात येऊ नका."

शिरगणती फेब्रुवारीत होती. माणसं वाढवायला निसर्गाला जेवढा वेळ लागतो तेवढा सरकारनं दिला नव्हता. पण नानाजी निसर्गावर विसंबून राहणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी गावाला मारुतीच्या पारावर गोळा केलं.

"आपली माणसं कमी हायेत असं सरकार म्हणते," ते म्हणाले. "पण कमी कुठी हायेत? बल्लारशाले कामाले गेलेले कोणाचे? आपलेच. लगन करून दिलेल्या पोरी कोणाच्या? आपल्याच. त्यायचे नवरे, लेकरं? गिनतीवाला मास्तर आला का सगळ्यायची नावं सांगा."

रामाजी हा गावातल्या सगळ्यात मोठ्या घराचा मालक. तीन मुलगे, तीन सुना, सगळे एका छपराखाली. त्यानं विचारलं, "मेलेले सांगायचे का?"

नानाजींनी थोडा विचार केला. "नको. फारच अलीकडचा कोणी असन तं पाहू."

अडचण वेगळीच होती. रामाजीच्या एका घरात मुळात पंधरा माणसं, त्यात लेकी-जावई घातले तर पंचवीस होणार. एवढी माणसं पाहून मास्तर दचकला असता. पण तीच पंचवीस चार चुलींवर वाटली तर कोणाच्या कपाळाला आठी पडली नसती. म्हणून ठरलं की गावातली प्रत्येक मोठी चूल फोडायची. फक्त कागदावर. मास्तर गेला की पुन्हा जिथल्या तिथं.

गिनतीचं काम श्रावण मास्तरांकडे होतं. नदीपलीकडच्या शाळेतले हे मास्तर भला माणूस, पण पायात कुरूप झालेलं आणि अंगावर सात गावं टाकलेली. घरवाला सांगेल ते लिहा, असा वरून हुकूम होता, आणि या हुकुमावर त्यांची फार श्रद्धा होती. एका गोष्टीत मात्र ते हटून बसले. ज्या घराची चूल वेगळी, तेच वेगळं घर.

"मी चूल पाहीन," ते नानाजींना आधीच सांगून गेले. "पेटलेली पाहीन, भांडं चढलेलं पाहीन. चूल नाई तं घर नाई."

मग काय, खैरटोल्यात आठवडाभर चिखल तुडवला गेला. बायांनी अंगणात, गोठ्यात, मागच्या पडवीत चुली घातल्या, शेणानं सारवल्या, वाळवल्या. नानाजींच्या स्वतःच्या घराचे तीन तुकडे झाले. माजघरातली जुनी चूल नानाजी आणि त्यांची बायको धुरपता यांची. पडवीत मुलगा लटारू, सून रंभा आणि त्यांची दोन लेकरं. आणि गोठ्याशेजारच्या छपरीत, सत्तरी कधीच ओलांडलेली नानाजींची आई, बायनाबाई.

"माह्या एकटीचं घर?" म्हातारीनं विचारलं.

"एकटीचं कसं? तुह्याकडे तुही लेक सीता हाये, जावई हाये, त्यायचे चार पोट्टे हायेत."

"सीता तं राजुऱ्याले हाये."

"माय, तू नुसती मान हालव."

मास्तर आले तेव्हा गावभर धूर झाला होता. दारोदार चहा पीत ते लंगडत फिरले. माणसं कुठं आहेत असं विचारलं की प्रत्येक घरात एकच उत्तर मिळे: मोहफुलं वेचायला जंगलात गेलीत. मोहाला अजून धड कळीही धरली नव्हती. मास्तरांनी एकदा जंगलाकडे पाहिलं, एकदा आपल्या पायाकडे, आणि लिहून घेतलं.

बायनाबाईच्या छपरीत ते वाकून शिरले. चुलीवर मडक्यात काहीतरी रटरटत होतं. वास आला तसे दारात उभे असलेले नानाजी मागं सरले. त्यांनी गळ्यात माळ घातल्यापासून त्या घरात सुका झिंगा शिजला नव्हता.

"घरात कर्ता कोण?" मास्तरांनी विचारलं.

म्हातारीनं इकडंतिकडं पाहिलं. जन्मात हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. बाप होता, मग नवरा, मग नानाजी.

"मीच हावो," ती म्हणाली. "लिवा. बायनाबाई."

आकडा भरला. भरून वर उरला. पारावर नारळ फुटला आणि नानाजींनी दवंडी दिली की झालं काम, आता चुली मोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पडवीत गेले. रंभा भाताचं आधण ठेवत होती.

"सूनबाई, आता आत ये. येगळी चूल सरली."

रंभानं डोक्यावरचा पदर नीट केला. ती सासऱ्यासमोर कधी तोंड उघडत नसे. "मामाजी, मी गुर्जीले सांगून बसली का आमचं घर येगळं हाये म्हून. सरकारशी खोटं कसं बोलाव?"

नानाजींनी लटारूकडे पाहिलं. लटारू लाकडं फोडत होता आणि त्या लाकडांत त्याचं फारच लक्ष होतं.

ते तणतणत आईकडे गेले. म्हातारी जेवत होती. भात, लाखोळीचं वरण आणि ताटाच्या कडेला झिंग्याची चटणी. लेकाला पाहून तिनं ताट झाकलं नाही.

"माय, बंद कर हे नाटक."

"कायचं नाटक? रोज तुही बायको फिक्कं रांधते. आता मी मीठ माह्या हातानं टाकून राह्यली. मले गोड लागते." तिनं घास घेतला. "तुमी तुमच्या घरी सुखी राहा. मी काई रुसली नाई."

नानाजींना वाटलं हे आपल्याच घराचं दुखणं आहे. पण पारावर आले तर तिथं रामाजी तोंड पाडून बसलेला. त्याच्या तिन्ही सुना एका चुलीवर परतल्या नव्हत्या. उलट तिघींनी मिळून वेगळ्या रेशनकार्डाचा अर्ज केला होता, कारण वेगळी चूल म्हणजे साखर आणि घासलेट वेगळं, हे कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. ते सांगणारी धुरपता होती, हे नानाजींना पुष्कळ नंतर कळलं. घरी तिच्या अंगावरचं निम्मं रांधणं उतरलं होतं, आणि ती देवळात फुलवाती घेऊन जायला लागली होती.

बाकीचं गावही असंच वेगळं होत गेलं. भाऊ भावापासून निघाला, बाप लेकापासून. नानाजी समजूत घालायला जात तर लोक म्हणत, "तुमीच तं सांगतलं होतं." मग ब्याऐंशी साली सरकारनं चंद्रपूर जिल्ह्याचेच दोन भाग केले आणि गडचिरोली वेगळी निघाली. त्यानंतर तर बोलायची सोयच उरली नाही. रामाजीच्या धाकट्यानं बापाला तोंडावर सांगितलं, "एवढा मोठा जिल्हा येगळा निंगते, मी तं एक माणूस हावो."

आणखी दोन वर्षांनी खैरटोल्याच्या स्वतंत्र ग्रामपंचायतीचा हुकूम आला. निवडणूक झाली. नानाजी सरपंच झाले, एका खोलीत टेबल आलं, टेबलामागं खुर्ची आली. पहिल्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत तिच्यातून उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवीन ग्रामसेवक आला आणि म्हणाला, घरपट्टी बसवावी लागेल, पंचायत चालायची तर.

आता पुन्हा गाव पारावर जमलं, पण यावेळी बोलला रामाजी.

"माह्यं घर एकच हाये," तो म्हणाला. "एकत्र कुटुंब हाये आमचं, बापजाद्यापासून. टॅक्स एकाच घराचा दिईन."

सगळ्या पुरुषांनी माना डोलावल्या. जो तो एकत्र कुटुंबाचा झाला. ज्या चुली मास्तरांना दिसाव्या म्हणून अंगणात मांडल्या होत्या, त्या ग्रामसेवकाला दिसू नयेत म्हणून टोपल्यांखाली गेल्या.

"अरे, पण शिरगणतीत चार घरं लिवली तुही," नानाजी म्हणाले.

"मंग खोटं सांगतलं होतं म्हून लिहून दिऊ का सायबाले?" रामाजीनं शांतपणे विचारलं. "सांगा, दिऊन टाकतो."

नानाजी पेचात पडले. घरं आहेत म्हणावं तर गाव अंगावर येणार, नाहीत म्हणावं तर पंचायत जाणार आणि पुन्हा वाघेझरीचा बाक. आठ-पंधरा दिवस त्यांनी त्या खुर्चीत अशी मान घालून काढले की ग्रामसेवकाला ते आजारी वाटले.

मग एका दुपारी बायनाबाई काठी टेकत पंचायतीत आली. तिनं कमरेची चंची सोडली आणि टेबलावर पैसे ठेवले.

"माह्या घराचा टॅक्स," ती म्हणाली. "पण नंबर पायजे. पत्र्याचा. वाघेझरीत दारावर असते तसा."

"माय, छपरीले नंबर नसते."

"काऊन नसते? मास्तरनं लिवलं. कर्ता बायनाबाई."

ग्रामसेवकानं नानाजींकडे पाहिलं. नानाजींनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथं रंभा उभी होती, आणि तिच्या मागं रामाजीच्या तिन्ही सुना. त्यांनाही पत्र्याचे नंबर हवे होते. संध्याकाळपर्यंत खोलीत बायांची अशी गर्दी झाली की सरपंचांना खुर्ची सोडून दारात जाऊन उभं राहावं लागलं. पुरुष पारावरून पाहत होते. कोणी काही बोललं नाही, कारण बोलणाऱ्याला रात्री त्याच चुलींवरचं जेवायचं होतं.

पत्रे चंद्रपूरहून रंगवून आले. आईचा नंबर नानाजी स्वतः घेऊन गेले. छपरीचा खांब मोहाचा, वाळून दगड झालेला. खिळा वाकला, दुसराही वाकला, तिसऱ्याच्या वेळी हातोडा बोटावर बसला. म्हातारी खाटेवर बसून पाहत होती.

"जरा डाव्या अंगाले घे," ती म्हणाली. "तिरपा झाला. लोक हासतील."

त्यांनी तो काढून पुन्हा ठोकला. घामाघूम झाले. पत्रा सरळ बसल्यावर म्हातारी उठली, काठी टेकत जवळ आली आणि त्यावरून हात फिरवला. तिला आकडा वाचता येत नव्हता. तो कोणता म्हणून तिनं विचारलंही नाही.

"बस," ती म्हणाली. "पह्यल्यांदा माह्या घरी आला तू. पाणी घे. आज तुह्यासाठी झिंगा नाई टाकला, अंबाडीची भाजी हाये."

नानाजी खाली टेकले. तिनं लोटा पुढं केला आणि पाहुण्याला वाढावं तसं आधी त्यांचं ताट वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला. मीठ किंचित जास्त होतं. ते मुकाट्यानं जेवले आणि दुसऱ्यांदा भात मागितला.