टाकून दे

मी बोलतेय ती जयपूरच्या सोडाला भागातल्या एका छोट्या पिझ्झा रेस्टॉरंटमधून. खिडकीजवळच्या टेबलावर मिठाशेजारी चिली फ्लेक्सची बाटली उभी आहे ना, तीच मी.

जन्माने मी कॉफीची. कॉफी संपल्यावर भंगारातच जायची, पण मालकीणबाई मधुमतीजींनी मला धुतलं, झाकणाला खिळ्याने भोकं पाडली आणि आत कुटलेली लाल मिरची भरली. भोकं जरा मोठीच पडली. माणसं मला एकदा हलवतात आणि मग बराच वेळ पाणी पितात.

बाहेरच्या पाटीवर इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव आहे. मालक दशरथजी जयपूरजवळच्याच चाकसू गावचे. इटली त्यांनी पाहिलेली नाही, पण भट्टी चांगली तापते.

माणसांचं म्हणाल, तर पिझ्झा आला की आधी फोटो काढतात. तोवर तो गार होतो. मग गार आहे म्हणून तक्रार करतात. शेवटचा तुकडा प्रत्येकाला हवा असतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याला 'तू घे' म्हणतो.

मराठी मला इथेच कळायला लागली. रेल्वेतली मराठी कुटुंबं इकडे येतात. त्यांची मुलं वाक्य मराठीत सुरू करतात आणि हिंदीत संपवतात. स्वप्नील त्यातलाच. वडील रेल्वेत, जन्म जयपूरचा. लग्नानंतर तो बायकोला, अक्षदाला, पहिल्यांदा इथे घेऊन आला तेव्हा सोबत त्याचा मित्र अभिनव आणि अभिनवची बायको सोनम होती. अक्षदा बार्शीची. तिघं हिंदीत धडाधड बोलत होते. ती हसायच्या जागा बघून हसत होती, कधी कधी जरा उशिरा. आणि दर घासाला तिचा हात माझ्याकडे येत होता. मी ओळखलं, हिला हे सपक लागतंय.

दुसऱ्या वेळी ती तयारीने आली. नेमकी त्या संध्याकाळी मी रिकामी होते. स्वप्नीलने मला उलटी करून बुडावर थापट्या मारल्या. काही पडलं नाही.

अक्षदाने पर्समधून स्टीलची डबी काढली. झाकण उघडताच टेबलभर लसणाचा वास सुटला. आत कारळ्याची चटणी, काळी आणि कोरडी.

"भाभी, ये क्या है? राख?" अभिनव म्हणाला.

"काजल होगा घर का," सोनम हसली.

"चटणी आहे. मतलब, चटनी है. आईनं कुटून दिलीय."

डबीत उरलीच थोडी होती, आणि माहेरी जाणं आता दिवाळीला. अक्षदाने नवऱ्याकडे पाहिलं. तो आता काय बोलतो, एवढंच तिला ऐकायचं होतं.

स्वप्नील पिझ्झ्याचा तुकडा सोडवत होता. मान वर न करता म्हणाला, "टाकून दे ना."

मी काचेची, मला सगळं आरपार दिसतं. अक्षदाने डबीचं झाकण लावलं नाही. ती उठली, बेसिनजवळच्या कचऱ्याच्या डब्यापाशी गेली आणि पेडलवर पाय ठेवला.

"अगं, कुठं चाललीस?"

"टाकून द्यायला. तुम्हीच म्हणालात."

"पिझ्झ्यावर गं. मतलब, डाल दे. सगळ्यांच्या पिझ्झ्यावर डाल दे म्हणत होतो मी."

पाय पेडलवरच होता. "त्याला 'घाल' म्हणतात. टाकून दे म्हणजे कचऱ्यात."

"मी तर असंच म्हणतो नेहमी."

"तरीच. परवा चहा करताना तुम्ही म्हणालात, आलं टाकून दे. मी दिलं टाकून."

स्वप्नीलने हातातला तुकडा प्लेटमध्ये ठेवला. "मला वाटलं, बार्शीला बिनआल्याचाच पितात."

तेव्हा अक्षदा हसली. या वेळी उशिरा नाही, सगळ्यांच्या आधी. स्वप्नीलने मित्रांना हिंदीत सगळं समजावलं. अभिनव थोडा ओशाळला आणि त्याने आपली प्लेट पुढे सरकवली.

"भाभी, थोड़ी राख इधर भी घाल दो."

तिने घातली. सोनमलाही घातली. स्वप्नीलच्या तुकड्यावर सगळ्यात शेवटी, आणि जरा जास्तच. तो पाणी पीत राहिला, पण तुकडा संपवला.

दिवाळीनंतर अक्षदा बार्शीहून आली ती पिशवीभर चटणी घेऊन. मधुमतीजींना विचारून तिने मला गळ्यापर्यंत भरलं. आता मी काळी दिसते. नवी गिऱ्हाइकं बिचकतात, जुनी मागून घेतात.

हल्ली दशरथजींनी मिरचीच्या कागदी पुड्या आणल्यात. माझ्या बरोबरीच्या बाटल्या भंगारात गेल्या. माझ्याही मानेला बारीक चीर आहे. तेव्हा इकडे आलात तर मला जपून हलवा, भोकं मोठी आहेत. चटणी हवी तेवढी घाला. मला मात्र टाकून देऊ नका. हे मी बार्शीच्या मराठीत म्हणतेय.