उजव्या हाताची चकती

मित्रांनो, मी व्हिडिओ गेमचे एक जुने यंत्र आहे. माणसाएवढे उंच, अंगावर पांढरे तारे रंगवलेले. माझ्या खेळात अवकाशयान शत्रूंच्या गराड्यातून सोडवायचे असते. डाव्या हातातल्या दांड्याने यान पळते आणि उजव्या हाताखालच्या चकतीने तोफ फिरते. यान एकीकडे, नेम भलतीकडे! कारखान्यातल्या कारागिराने ती चकती बसवली, कितीदा तरी गरगर फिरवली आणि समाधानाने मान डोलावली.

खेळघरात माझ्यापुढे रांगा लागत. माझे टप्पे सात, पण सातवा कोणालाच पार करता आला नव्हता. मग एकदा कोणाचे तरी सरबत सांडून चकतीच्या फटीत झिरपले. चकती अडखळू लागली. नेम हुकला की लोक मलाच थपडा मारत. शेवटी मालकांनी मला बंद करून कोपऱ्यात ढकलले.

एका सकाळी मला न्यायला भंगारवाला आला. त्या दिवशी मालकांच्या वहिनी स्टुलांच्या गाद्यांना खोळी शिवत बसल्या होत्या, हाताने फिरवायच्या शिलाई मशीनवर. त्या उठल्या आणि माझी चकती हलवून म्हणाल्या, "भावोजी, हे मोडलंय कुठे? नुसतं चिकटलंय."

"सुटेल हो वहिनी, पण जमतंय कोणाला? दोन हातांना दोन वेगळी कामं!"

"मग मी सकाळपासून काय करतेय? उजव्या हाताने चाक, डाव्या हाताने कापड!"

मालक हसले. "सातवा टप्पा पार करा, हे इथून हलणार नाही. शब्द देतो!"

"मग मीही बघूनच जातो," म्हणत भंगारवाल्याने स्टूल ओढले.

वहिनींनी चकती काढली, ओल्या फडक्याने चिकटा पुसला, तेलाचे दोन थेंब सोडले आणि मला चालू केले. पहिला डाव दुसऱ्याच टप्प्यात आटोपला. "थांबा, हात बसू दे," त्या म्हणाल्या.

आणि हात बसला! यान मागे सरकत होते, तोफ पुढे आग ओकत होती. सातव्या टप्प्यात शत्रू चहूबाजूंनी धावून आले, शेवटी त्यांचे एकच यान उरले. भंगारवाला उभा राहिला. वहिनींनी चकतीला अर्धी गिरकी दिली आणि शेवटचे शत्रुयान फुटले! विजयाची धून मी जन्मात पहिल्यांदा वाजवली.

"वहिनी, मानलं तुम्हाला!" मालक ओरडले. भंगारवाला रिकाम्या हाताने, पण टाळ्या वाजवत गेला. मालकांनी मला दारापाशी आणले आणि माझ्या कपाळावर रंगाने लिहिले : पहिला क्रमांक, वहिनी.

मित्रांनो, अडलेली वस्तू टाकण्याआधी एकदा उघडून पाहा. तिला शिक्षा नको असते, थोडी निगा हवी असते. आणि कधी इकडे आलात तर माझ्यापुढे जरूर उभे राहा. वहिनींचा विक्रम अजून कोणाच्या बापाला मोडता आलेला नाही!