राखाडी रंगातली माय

मी प्रायमरचा एक जुना डबा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माणसांवर माझा फारसा जीव नाही. तुम्ही अजून लहान आहात म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणतो. मोठे झालात की तेही म्हणणार नाही. गोड गोड आत्मवृत्त ऐकायचं असेल तर फाटक्या छत्रीकडे किंवा शाळेच्या घंटेकडे जा. त्यांना रडून दाखवायची सवय आहे.

प्रायमर म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. रंग देण्याआधी जो थर द्यावा लागतो तो मी. लाल, पिवळा, निळा हे सगळे मागाहून मिरवायला येतात, पण खाली मी नसेन तर ते नखानं निघतात. वरातीत नवरदेवाचा घोडा धरणाऱ्याला कोणी विचारत नाही, तसंच माझं. कारखान्यात एका पत्र्याच्या नळकांड्यात राखाडी रंग भरला, वरून दाबून वायू कोंडला, पोटात लोखंडाची एक गोळी टाकली आणि डोक्यावर बटण बसवलं. झाला माझा जन्म. हलवलं की गोळी खडखडते आणि तळाशी बसलेला रंग ढवळला जातो. बटण दाबलं की वायू मला बाहेर ढकलतो. माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत सूचनाही छापल्या आहेत, पण लोक त्या वाचण्यापेक्षा अंदाजानं वागतात.

नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानात मी कितीतरी महिने गाड्यांच्या रंगांच्या रांगेत उभा होतो. दुकानदार ज्या फडक्यानं स्कूटर पुसायचा त्याच फडक्यानं माझं तोंड पुसायचा. तिथून मला रुचिकानं विकत घेतलं आणि हुडकेश्वरला आपल्या घरी नेलं.

रुचिका तिशीतली. बिल्डर लोकांना इमारतींच्या लहान प्रतिकृती करून देणाऱ्या एका ठिकाणी ती कामाला होती. बोटाच्या पेराएवढी माणसं, काडीएवढी झाडं, गच्चीवरच्या टाक्या, सगळं तिच्या हातचं. घरी मात्र ती स्वतःच्या मनातलं घडवायची. पहिल्यांदा तिनं मला एका चिमुकल्या म्हशीवर फवारलं. वाळल्यावर तिच्या पाठीवरून बोट फिरवून ती बापाला म्हणाली, काय मस्त बसला हा. मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच, आणि ती मला आवडली होती.

उन्हाळ्यात तर तिनं मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. नागपूरच्या मे महिन्यात डबा तापून फुटेल म्हणून तिनं मला ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या तिवईखाली ठेवलं. वर माठ पाझरायचा, खाली मी गार पडून असायचो. तेवढे दिवस मला वाटलं, माणसं काही अगदीच वाईट नसतात.

पण नागपूरच्या माणसाला उन्हाचं सगळं कळतं आणि थंडीचं काही कळत नाही. दिवाळी गेली, डिसेंबर गेला, उत्तरेकडून बोचरा वारा सुटला, लोक कानटोप्या घालून फिरू लागले, तरी मी आपला त्याच ओल्या फरशीवर, त्याच तिवईखाली. माझ्या आतला वायू आकसला, रंग घट्ट होऊन तळाशी बसला. रुचिका स्वतः दोन स्वेटर घालून मला थंडीत जपत होती. हिला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

आता या घरातलं भांडण सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रुचिकाचे वडील नानाजी जुने विणकर. जुन्या शहरातल्या त्यांच्या आधीच्या घरात अर्धी जागा हातमागानंच अडवली होती. नानाजी मागावर बसायचे आणि त्यांची बायको मैनाबाई शेजारी चरख्यावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळून द्यायची. पुढे मैनाबाईनं अंथरूण धरलं. एका दुपारी रुचिका कामावर गेलेली असताना तिच्या मोठ्या भावानं, पंकजनं, तो माग खोलला आणि कबाडीवाल्याला देऊन टाकला. थोड्याच दिवसांत मैनाबाई गेली. मायच्या डोळ्यांदेखत माग मोडला, त्या धसक्यानंच माय गेली, असं रुचिकानं मनात धरलं ते धरलंच. तेव्हापासून तिनं भावाला दादा म्हटलं नाही. एका छपराखाली राहायची, पण त्याच्याशी बोलायचं ते बापाच्या तोंडून. बाबा, त्यांना सांगा पाण्याची मोटर बंद करा. तोही तसाच. बाबा, तिले सांगा मले ऐकू येते.

अशा घरात त्या हिवाळ्यात रुचिकानं एक लहानसा देखावा करायला घेतला. काड्यांचा एवढासा माग, त्याला खरं सूत, शेजारी एवढासा चरखा आणि चरख्यासमोर बसवायला मैनाबाई. माय तिनं पुटीची, म्हणजे मळून घडवायच्या आणि वाळून दगड होणाऱ्या लगद्याची घडवली होती, बोटभर उंचीची, चरख्यापासून सुटी. चेहऱ्यावर तिनं कित्येक सुट्या घालवल्या. जानेवारीत त्यांच्या समाजाचं स्नेहमिलन होतं आणि तिथे हा देखावा मांडायचा होता. लोक विचारतील, खरा माग कुठे आहे, आणि सगळ्यांच्या माना पंकजकडे वळतील, एवढ्यासाठी हा उपद्व्याप. त्या मुलीनं सुईच्या टोकानं सूड कोरला होता आणि तो पक्का करायला तिला मी हवा होतो.

स्नेहमिलनाच्या आठवड्यात ती सकाळीच मला घेऊन गच्चीवर गेली. धुकं होतं, कठडा दवानं ओला होता. फवारा मारायला तिनं गच्चीवर झाकून ठेवलेला कूलर वापरायचं ठरवलं. पंकज कूलर दुरुस्त करायचा, तो कूलर त्याचाच, आणि तिनं त्याला विचारलं नाही. मागची गवताची जाळी काढली, आत पाटावर माग ठेवला, पंखा सुरू केला. म्हणजे वास आणि उडणारा रंग पुढून कठड्याबाहेर जाईल. युक्ती चांगली होती, पण माझी कुणी विचारपूस केली नाही. दोनदा हलवलं न हलवलं आणि बटण दाबलं.

मी थुंकलो. दुसरा शब्द नाही. आत जोर नव्हता, रंग घट्ट होता, लाकडाला दव होतं. त्या नाजूक मागावर माझे जाड थेंब पडले आणि वाळता वाळता त्यांचा रवा झाला. सूत चिकटून गोळे झाले. मला वाईट वाटलं म्हणता? अजिबात नाही. गार फरशीवर मला ठेवायला मी सांगितलं नव्हतं.

रुचिका जिन्यातून बापाला हाक मारून मोठ्यानं सांगू लागली, की या कूलरमधल्या कचऱ्यानं माझं काम नासलं, घरात एक वस्तू धड ठेवत नाहीत लोक. बोलणं बापाशी आणि बाण पंकजला. एव्हाना धुकं विरलं होतं. नानाजी काठी टेकत उन्हाला वर आले आणि खुर्चीवर बसले. रुचिका त्यांच्या पायाशी बसली. मी तिच्याच हातात होतो. थंडीनं आणि रागानं तिनं मला शालीत ओढून पोटाशी घट्ट धरलं. मला कुरवाळायला नाही, फक्त काहीतरी आवळायला हवं होतं म्हणून.

मागोमाग पंकज आला. खराब झालेल्या मागाकडे त्यानं पाहिलंही नाही. त्याची नजर कूलरशेजारी दुसऱ्या पाटावर ठेवलेल्या मायवर गेली. ती त्यानं याआधी पाहिली नव्हती. त्यानं ती उचलली, उन्हात धरली. रुचिका बापाला म्हणाली, त्यांना सांगा, हात लावू नका. पंकज बापाकडे न बघता थेट तिच्याशी बोलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"माय चरख्यावर हसून राहिली, असं तुले कधी दिसलं वं?"

उत्तरासाठी न थांबता तोच बोलत राहिला. कांड्या भरता भरता मायचे दोन्ही खांदे गेले होते, सुताच्या भुसानं छाती भरली होती, ताप असला तरी माग थांबला म्हणून बाबा तिला उठवत होते. तू लहान होती, शाळेत जायची, तुला मागाची खुडखुड तेवढी ऐकू यायची, असं तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण चांगला विखारी होता.

"माग काढाले मले मायनंच सांगतलं. म्हणे, पंकज, मी मरून राहिली, आता तरी हे लाकूड माह्या डोळ्यासमोरून ने."

रुचिका म्हणाली, हे खोटं आहे, आपलं पाप झाकायला मेलेल्या बाईच्या नावावर खपवतो आहेस. पंकजनं मायला पाटावर ठेवलं आणि बापाकडे बोट केलं. बाबांनाच विचार, त्यांनीच माझ्यापुढे हात जोडले होते की कुणाला सांगू नको.

मी शालीत होतो. तिनं मला आणखी घट्ट आवळलं.

नानाजी काठीच्या मुठीकडे बघत एवढंच म्हणाले, की खरं आहे.

"मंग तुम्ही इतके वर्षं गप्प काहून राहिले, बाबा? मी याले मायचा मारेकरी समजून राहिली होती."

"माग माहा होता, बेटा. सारी गल्ली मले त्याच्यावरून ओळखे. माह्या बायकोले तोच डोळ्यासमोर नको होता, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

आता तुम्हाला वाटेल, तिघं गळ्यात गळे घालून रडली असतील. तसलं काही झालं नाही. पंकज म्हणाला की आता मांड तुझा देखावा, आणि पायऱ्या उतरून गेला. रुचिका बापाकडे अशा नजरेनं बघत होती की मी डबा असून मला ती नजर नको झाली. नानाजींनी काठी घेतली आणि तेही खाली गेले. त्यांना हात द्यायला ती उठली नाही.

मग ती ताडकन उभी राहिली. तिला कुणाचं ऐकायचं नव्हतं. माय हसत होती, म्हणजे होती. मला शालीतून काढलं, रागारागानं कितीतरी वेळ खडखड हलवलं, मायला कूलरच्या आत ठेवलं आणि बटण दाबलं. पण मित्रांनो, एवढा वेळ मी तिच्या पोटाशी होतो. मी कोमट झालो होतो. वायूला जोर आला होता, रंग पातळ झाला होता, मायवरचं दवही उन्हानं गेलं होतं. मी निघालो तो धुरासारखा निघालो आणि त्या बोटभर बाईच्या अंगावर सायीसारखा बसलो. एक कण वर आला नाही.

आणि आता माझा खरा स्वभाव ऐका. मी फक्त रंगाला धरून ठेवत नाही. पुटी दोन रंगांची मळलेली असते, तिच्यावर हिरवट-पिवळट पट्टे असतात, आणि त्या पट्ट्यांत डोळा फसतो. मी सगळं एकाच राखाडी रंगात आणतो. मग कुठे बोटाचा ठसा राहिला, कुठे घडवणाऱ्यानं स्वतःची समजूत काढली, ते सगळं दिसतं. रुचिकानं मायला उन्हात धरलं. खांदे तिनं खरे केले होते, नकळत केले होते, दोन्ही खाली ओढलेले. मान वाकलेली. डोळे थकलेले. आणि त्या चेहऱ्यावर कुणीतरी बाहेरून आणून चिकटवावं तसं ते हसू.

ती फार वेळ बघत होती. मग खाली बसून तिनं पात्याच्या टोकानं ते हसू खरवडून काढलं. माझ्या थरासकट काढलं. मी इतका सुरेख बसलो होतो, पण माझी कोणाला पर्वा. रडत होती आणि खरवडत होती. माझ्या मते तिनं रडायलाच हवं होतं.

पुढचे दिवस तिनं फक्त तोंड नव्यानं घडवलं. स्नेहमिलनाच्या आदल्या दुपारी तिनं बादलीत कोमट पाणी घेतलं, हाताला सोसेल इतपतच, आणि मला त्यात उभं केलं. तेव्हा माझ्यात एकाच हातापुरता रंग उरला होता, तो सगळा मी मायच्या तोंडावर दिला. मग नुसती हवा आली आणि मी संपलो. वर दुसरा कुठला रंग तिनं दिलाच नाही.

निघायच्या दिवशी तिनं माग घेतला नाही, चरखाही घेतला नाही. एका खोक्यात कापूस घालून एकटी माय ठेवली. चरख्याविना दोन्ही हात मोकळे, तोंड मिटलेलं, नुसती बसलेली. पंकज दारात चपला घालत होता. त्यानं खोक्यात डोकावून पाहिलं. नानाजी आतल्या खोलीत होते, त्यामुळे निरोप सांगायला मध्ये कुणी नव्हतं.

"लोकं विचारतीन, हातात काहीच काहून नाही म्हणून," तो म्हणाला.

"सांगीन त्याहिले. आज सुट्टी आहे तिले."

त्यानं तिच्यासाठी दार धरून ठेवलं. नानाजींना त्या दिवशी तिनं सोबत नेलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

मी आता कबाडाच्या पोत्यात आहे. रिवाज म्हणून काही सांगून जातो. माझ्यासारख्याला थंडीत गार फरशीवर ठेवू नका आणि ऊब द्यायला शेगडीवरही ठेवू नका. रिकामा झालो म्हणून आगीत टाकू नका, मी फुटेन आणि तुमचे डोळे नेईन. हे ऐकलं नाहीत तरी माझं काही बिघडत नाही. दुसरं मात्र नीट ऐका. घरात दिवसभर राबणाऱ्या बाईचं चित्र काढाल, निबंध लिहाल, तेव्हा तिच्या तोंडावर आपल्या मनानं हसू काढू नका. आधी तिला जाऊन विचारा की तिला हे काम आवडतं का. ती जिवंत आहे तोवर विचारा, कारण नंतर ते पात्यानं खरवडावं लागतं.