छताला भोक असलेलं देऊळ

पावणं, रोममधल्या त्या देवळाचं कौतुक मला सांगू नगा. मी आत जाऊन आलोय. दोन हजार वर्षांपूर्वीचं देऊळ म्हणं, अन् छताला मधोमध हे एवढं भोक. पाऊस आला की सरळ आत. आमच्या गोठ्याचा पत्रा उडाला तर आम्ही दुसऱ्या दिवशी बसवतो. ह्यांनी तसंच ठेवलंय, अन् सगळं जग तिकीट काढून वर बघत उभं ऱ्हातंय.

मी आपल्या रीतीनं दारात चपला काढल्या. तिथंच नोकरीला असलेला माझा पोरगा यशराज दबक्या आवाजात म्हणाला, "अप्पा, घाला की. लोक बघाय लागल्यात." देवळात चपला घाला म्हणणारं पोरगं पोटी आलंय, कुणाला सांगायचं?

मी काय देऊळ बघाय गेलतो व्हय? आमच्यात लग्न झालं की जोडीनं जोतिबाला जायचं, गुलाल-खोबरं उधळायचं. त्याबिगर संसार सुरू झाला असं कोण धरतच न्हाय. यशराज लग्नाचा मांडव उतरायच्या आधी बायकोला घेऊन इमानात बसला, रजा संपली म्हणून. तवापासनं त्याच्या आईच्या जिवाला घोर. म्हणून मी जोडीला आणायला गेलतो.

तर हा बहाद्दर मला त्या भोकाखाली उभा करून म्हणतोय, "हे बी देऊळच की, अप्पा." सूनबाईला शेजारी घेतलं, एका कोनाड्याम्होरं दोघांनी हात जोडलं. "झालं जोडीनं दर्शन. फोटो काढा, आईला दावा."

आमची सूनबाई अक्षता भिंतीवरचं वाचून हळूच म्हणाली, "अहो, ही राजाची कबर आहे."

"थडग्याला नमस्कार घातलासा, शाण्यांनो," मी म्हटलं. "आता गपगुमान चैत्रातल्या यात्रेला चला. खरा देव दावतो."

यशराज हसला न्हाय. "अप्पा, आम्ही आता इथलंच झालोय. चैत्रात न्हाय, कधीच जमायचं न्हाय. आईला तुम्हीच सांगा."

कोल्हापुरात उतरलो, तर बायको दारात उभी. माझ्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, अन् मला आत बी येऊ न देता इचारलं, "कधी येणार पोरं?"

मी म्हटलं, "चैत्रात."

तिनं लगेच जोतिबाच्या डोंगरावरच्या गुरवाला फोन लावला. आता गल्लीत भेटंल त्याला सांगत सुटलीया, पोरं येणार म्हणून. ती सांगाय लागली की मी तिथनं उठून जातो.