जावयाचा राहता पत्ता

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी कपडे अल्टर करते. पँट आखूड करायची, चेन बदलायची, उसवलेलं शिवून द्यायचं, आणि हे करताना गिऱ्हाइकाला चार शब्द सुनवायचे. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. तरी लोक येतात, कारण माझी शिलाई पुन्हा उसवत नाही.

माझा जावई अगदी उलटा. तो चावीवाला आहे, चौकात छत्री लावून बसतो. दिवसभरात दहा शब्द बोलला तर खूप झालं. मुलीने त्याला पसंत केला तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला होता. असल्या मुखदुर्बळाशी माणसाने भांडायचं तरी कसं? चार वर्षं आम्ही तिघं दोन खोल्यांत राहतोय आणि एकदाही त्याने मला उलट उत्तर दिलेलं नाही. मला राग येतो तो याचाच.

त्याच्या कामाची एक पद्धत आहे. चावी बसली, कुलूप सुरळीत फिरलं, की दाराच्या आतल्या बाजूला तो स्वतःच्या फोन नंबरचा छोटा स्टिकर चिकटवतो. पुढे चावी अडली तर बोलवा, फुकट येऊन बघेन. एका माणसाने त्याला भरदुपारी एका गोदामावर नेलं. मी इथला मॅनेजर, चावी हरवलीय, म्हणाला. याने कुलूप उघडलं, नवी चावी करून दिली आणि नेहमीसारखा स्टिकर चिकटवून आला. आठ दिवसांनी गोदामातले सगळे कॉम्प्युटर चोरीला गेले. मॅनेजर म्हणवणारा गायब, आणि दारावर नंबर कोणाचा? आमच्या या शहाण्याचा. पोलिसांना फार शोधावं लागलं नाही.

तो आत गेला त्याला साडेचार महिने झाले. खटला कधी उभा राहील ते कोणी सांगत नव्हतं. जामीन मागितला तर नाकारला. का नाकारला, हे आमच्या पहिल्या वकिलाने कधी धड सांगितलं नाही. दर तारखेला ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणायचा आणि मधल्या दिवसांत फोन उचलायचा नाही.

गेल्या सोमवारी मुलगी तुरुंगातली भेट आटोपून आली ती पांढरीफटक पडलेली. म्हणाली, येत्या शुक्रवारी तारीख आहे आणि तो गुन्हा कबूल करणार आहे. आत त्याला कोणीतरी सांगितलं होतं, की कबूल केलंस तर जेवढे दिवस काढलेस तेवढीच शिक्षा धरतील आणि सोडतील. खटल्याची वाट बघत बसलास तर वर्ष जाईल की दोन, कोण जाणे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्यासारखी शिवणारी बाई शिक्षा भोगून आली तरी पुन्हा पँट आखूड करू शकते. चोरीची शिक्षा झालेल्या चावीवाल्याच्या हातात घराची चावी कोण देईल? घरी येईल हो, पण जन्मभर हात बांधून बसेल. अजून तर कोणी त्याला दोषी ठरवलंही नव्हतं.

मुलीने त्या वकिलाचा नाद सोडला आणि गरिबांचे खटले फुकट चालवणाऱ्या सरकारी केंद्रातून एक वकीलबाई गाठली. वयाने लहान, पण कामाची. बुधवारी ती आमच्या घरी आली, माझ्या मशीनजवळच्या स्टुलावर बसली आणि मांडीवर कागद पसरले. मुलगी कामावर होती. वकीलबाई म्हणाली, मारामारी नाही, हत्यार नाही, आधीचा एकही गुन्हा नाही. अशा माणसाला खटल्याआधी कोंडून ठेवायचं कारण काय? तर हा पळून जाईल अशी भीती. ती कोर्टाला का वाटली, तेच शोधायचं.

मग तिने पोलिसांचा कागद वाचून दाखवला. ‘दिलेल्या पत्त्यावर चौकशी केली असता, घरातील वृद्ध महिलेने सदर इसम येथे राहत नसल्याचे सांगितले.’

मी आधी ‘वृद्ध’ या शब्दावर चिडले. वृद्ध कोण? मग तो दिवस आठवला.

अटकेनंतर दुसऱ्या दिवशी एक पोलीस आला होता. माझ्या हातात कोणाचा तरी कोट, ओठांत टाचण्या. जिन्यात सगळे शेजारी माना लांब करून उभे. पोलिसाने जावयाचं नाव घेऊन विचारलं, इथे राहतो का? मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं. टाचण्या हातात काढून मी म्हणाले, असला कोणी इथे राहत नाही, आणि दार आपटलं. संध्याकाळपर्यंत विसरूनही गेले. मी दिवसातून दहा वेळा असं काहीबाही बोलते. त्या पोलिसाने मात्र ते लिहून घेतलं, आणि त्या एका ओळीवर माझा जावई साडेचार महिने आत होता.

वकीलबाईने विचारलं, ही महिला कोण? मी म्हटलं, मीच. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, हे तुम्हाला कोर्टात सांगावं लागेल. मी म्हटलं, सांगेन. कोर्टाची भीती नव्हती हो. मुलीला सांगायची होती. दोन दिवस ती समोर वावरत होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

शुक्रवारी सकाळी कोर्टाच्या पायऱ्यांवर सांगितलं. ती पायरीवरच थांबली. “आई, साडेचार महिने?” एवढंच म्हणाली आणि आत जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

त्याला आणलं तेव्हा त्याच्या अंगावर शर्ट लोंबत होता. दोन्ही बाजूंनी बोटभर आत घ्यायला हवा, असं आपलं सवयीने माझ्या मनात आलं आणि डोळे भरून आले. वकीलबाईने विनंती केली, आधी जामिनाचं ऐका, पत्त्याबद्दल पोलिसांना सांगितलं ते खोटं होतं असं सासूच म्हणतेय. न्यायाधीश बाईंनी मला पुढे बोलावलं. त्यांनी विचारलं, तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?

“तेव्हा,” मी म्हटलं. “शेजारी बघत होते, मला लाज वाटली, म्हणून मी त्याला तोंडाने घराबाहेर काढला. तो माझ्याच घरात राहतो, मॅडम. दाराजवळच्या पलंगावर झोपतो. खिडकीची जागा त्याने मला दिली, मशीनला उजेड लागतो म्हणून. चूक माझी आहे. शिक्षा तो भोगतोय.”

सरकारी वकील म्हणाले, तरी पळून गेला तर? मी त्यांना सरळ विचारलं, पळायचं असतं तर चोरीच्या दारावर स्वतःचा नंबर चिकटवला असता का? टाइप करणारा माणूस हसला. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तपास बाकी आहे का? नाही, म्हणाले. मग याला आत ठेवून काय साधायचंय?

जामीन मिळाला. घरदार नावावर असलेला हमीदार नको, त्याने स्वतः लिहून दिलेली हमी पुरे. दर सोमवारी पोलीस चौकीत हजेरी, आणि राहायचं आमच्याच घरी. मग त्याला विचारलं, गुन्हा कबूल आहे?

“कबूल नाही,” तो म्हणाला. चार वर्षांत त्याचा इतका मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

शनिवारी सकाळी तो तुरुंगाच्या फाटकातून बाहेर आला. मुलगी अजून माझ्याशी बोलत नव्हती. मी वाटेत सगळं घोकून ठेवलं होतं, पण त्याला बघून एवढंच म्हणता आलं, मी चुकले रे.

“मला माहीत होतं, आई,” तो म्हणाला. “तो कागद मला दुसऱ्याच आठवड्यात मिळाला होता.”

मुलगी त्याच्यावरच उखडली. माहीत होतं आणि बोलला नाहीस? गुन्हा कबूल करायला निघालास, पण हे सांगवलं नाही तुला?

तो पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिला. “सांगितलं असतं तर तू आईंशी बोलणं टाकलं असतंस,” तो म्हणाला. “मी आत होतो. बाहेर तुम्हा दोघींना एकमेकींशिवाय कोण होतं?”

मी भर रस्त्यात रडले. लोक बघत होते, बघू देत. मुलीने येऊन माझा दंड धरला, चांगला दुखेल इतका घट्ट धरला, आणि सोडला नाही. खटला अजून उभा राहायचाय, काय होईल ते होईल, पण आता तो घरून कोर्टात जाईल.

आम्ही बसची वाट बघत उभे राहिलो. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, सोमवारी चौकीत हजेरी आहे, मला तिथे नीट बोलता येत नाही, तुम्ही याल का बरोबर?

येईन म्हटलं.